गवत बी झाडच व्हय

मॅडम, तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले नव्हते, तोवर तुमच्या माळावर पाचशे झाडं लावायचा ठराव झाला. गुलमोहर, करंज आणि विलायती शिरीष. खड्डे पाडायचं यंत्र लावलेला ट्रॅक्टर ठरला, पंधरा ऑगस्टची सकाळ ठरली, ‘शीला मॅडम स्मृतिवन’ अशी पाटी रंगवायला गेली. ज्या माळावर एकही झाड लावू नका म्हणून तुम्ही जन्मभर भांडलात, नेमक्या तिथंच, आणि तुमच्याच नावानं. हे तुमच्या वाईटावर असलेल्या कोणी केलं असतं तर मला इतका राग आला नसता. हे केलं तुमच्यावर जीव असलेल्या माणसांनी, आणि त्याची सुरुवात मी केली.

म्हणून लिहायला बसले. एरवी गेलेल्या माणसाला पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही, आणि तुम्हीही काही वाचणाऱ्यांतल्या नव्हतात. जिवंतपणी पाठवलेल्या माझ्या किती मेलना तुम्ही उत्तर दिलंत ते तुम्हाला माहीत आहे. पण जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जाण्यापेक्षा माझ्याकडूनच जाऊ दे.

शोकसभा अमरावतीला तुमच्याच कॉलेजात होती, त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. पंख्यांचा आवाज इतका की माईक असून नसल्यासारखा. प्राचार्य म्हणजे तुमचेच विद्यार्थी, माझ्या कितीतरी आधीच्या तुकडीतले. ते म्हणाले, “अंजली, तू बोल. तू त्यांची शेवटची पीएचडी.” मी काही लिहून नेलं नव्हतं. उभी राहिले, समोर तुमचा हार घातलेला फोटो, त्यात तुम्ही नेहमीसारख्या कोणावर तरी चिडलेल्या. तोंडाला आलं ते बोलून गेले. “मॅडमनी आयुष्यभर झाडांवर जीव लावला. त्यांच्या गावचा माळ आणि तिथली झाडं, हेच त्यांचं घर होतं.” एवढंच बोलले आणि खाली येऊन रुमालात तोंड खुपसून बसले.

रुमालातून तोंड वर काढेपर्यंत ठराव झालेला होता. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, “अंजली मॅडमनी आत्ता जे सांगितलं, त्यातून एक कल्पना सुचते. मॅडमना झाडांचं वेड होतं. त्यांच्या गावचा तो माळ पडीकच आहे. तिथं आपण सगळे मिळून त्यांच्या स्मृतीसाठी झाडं लावू.” टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. तुमच्या गावचे सरपंच पुढच्याच रांगेत होते, त्यांनी उभं राहून ग्रामपंचायतीच्या वतीनं जागा देऊन टाकली.

चूक माझी, पण मॅडम, ती मला शिकवली तुम्ही. तुमच्या तोंडी ‘वनस्पती’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. पहिल्या तासालाच तुम्ही सांगायचात, “वनस्पती म्हनलं का लोकायले तुपाचा डबा आठवते. झाड म्हना. आंबा बी झाड, तरोटा बी झाड. गवत बी झाडच व्हय.” पुण्याकडून आलेले परीक्षक हसायचे, आपल्याकडचे पोट्टेही हसायचे, आणि तुम्ही आणखी हट्टानं म्हणायचात. तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढल्यावर माझीही जीभ तशीच वळली. मी त्या हॉलमध्ये ‘झाडं’ म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं पवन्याचं गवत होतं, मारवेल होता, भुईला चिकटून असलेली शंखपुष्पी होती. बाकीच्या सगळ्यांनी ऐकलं ते बुंधा असलेलं, सावली देणारं झाड. त्यांचं काय चुकलं? उभ्या महाराष्ट्रात झाड म्हटल्यावर दुसरं कोणी काय ऐकेल?

आणि ‘पडीक’. प्राचार्य अगदी सहज म्हणून गेले. मला वाटलं, फोटोतून तुम्ही आता उठणार.

तुम्ही मला त्या माळावर पहिल्यांदा नेलंत तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. परतवाड्याच्या जीपमधून आपण फाट्यावर उतरलो आणि बरडातून चालत गेलो. मी अकोल्याच्या गल्लीत वाढलेली, मला समोर नुसतं गवत दिसत होतं. मी वही उघडून उभी. तुम्ही पदर खोचला आणि फतकल मारून बसलात. “बस खाली. उभ्यानं गवत दिसत नसते.” मी बसले. तुम्ही एक काडी माझ्या बोटांत दिलीत, डोळे मिटायला लावलेत, मग दुसरी दिलीत. कोणती खरखरीत, कोणती गुळगुळीत, कोणत्या पेरावर लव आहे. तासाभरात माझ्या भोवती हातभर जागेत अकरा झाडं निघाली. तुमची झाडं. त्यातली चार खायची, दोन औषधाची, एकाची झाडणी होते, आणि उरलेली गाई-म्हशींची. परत येताना तुम्ही सांगितलंत की याच गवताचे भारे डोक्यावर वाहून तुमच्या आईनं तुम्हाला आणि प्रकाशभाऊंना शिकवलं. तुमच्या वस्तीतल्या कोणाकडेच तेव्हा जमीन नव्हती, आणि गावाचा हा ई-क्लासचा माळ, चराईला सोडलेली सरकारी जागा, तेवढीच काय ती सगळ्यांची. “सातबाऱ्यात पाह्य,” तुम्ही म्हणालात, “काय लिवलं हाये? पडीक. माही माय रोज पाच कोस चालून पडिकातून भारा आनत व्हती काय?”

ते वाक्य मी माझ्या प्रबंधाच्या सुरुवातीला टाकलं होतं. तुम्ही खोडलंत. म्हणालात, रडगाणं वाटते.

तुमच्या नोकरीच्या गोष्टी मी तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकल्या, आणि प्रत्येक वेळी मलाच तुमच्यापेक्षा जास्त संताप यायचा. मुलाखतीत कोणा मोठ्या तज्ज्ञानं विचारलं होतं, या गवताचा उपयोग काय? तुम्ही म्हणालात, “सर, सकाळी तुमी दूध पेता का?” समितीत हसू पिकलं आणि जागा दुसऱ्याला गेली. कापसावर काम करा, निधी मिळतो, असं तुम्हाला किती जणांनी सांगितलं. अकोल्याच्या एका परिसंवादात तुमच्या यादीतली निम्मी झाडं एका वक्त्यानं पडद्यावर तण म्हणून दाखवली आणि ती मारायला कोणती फवारणी घ्यावी ते सांगितलं. तुम्ही जेवायच्या रांगेत त्याच्यामागं उभ्या राहून त्याला त्याच यादीतल्या कुंजराची भाजी कशी करतात ते समजावून सांगितलंत. तो बिचारा मान डोलावत राहिला.

मग तो शोधनिबंध. संपादकांचं पत्र आलं की स्थानिक नावं वगळावीत, शास्त्रीय नावं पुरेशी आहेत. बस, एवढीच दुरुस्ती. तुम्ही निबंध परत मागवलात. मी तुमच्या पाया पडायची बाकी राहिले होते, “मॅडम, नावं परिशिष्टात टाकू. पदोन्नतीची फाइल अडकली आहे तुमची.” तुम्ही चष्मा काढून पुसलात. “नाव बायायनं सांगतलं. कोन्या साहेबानं नाई सांगतलं. नाव काढलं त मंग माहं त्याच्यात काय उरलं?” तुम्ही सहयोगी प्राध्यापक म्हणून निवृत्त झालात. निरोप समारंभात तुमच्या नावापुढं कोणीतरी चुकून ‘प्राध्यापक’ लिहिलं होतं, ते तुम्ही स्वतः पेननं दुरुस्त केलंत. मला तेव्हा तुमचा अभिमानही वाटला आणि तुम्हाला गदागदा हलवावंसंही वाटलं. अजूनही दोन्ही वाटतं.

पण आपलं खरं भांडण त्यावरून नव्हतं. ते होतं पत्त्यावरून.

तुमच्या पहिल्याच छापील लेखात तुम्ही माळाचा नकाशा दिला होता. औषधासाठी महागात जाणारी सफेद मुसळी कुठं दाट आहे, फाट्यापासून किती अंतरावर, सगळं नीट, शास्त्राला धरून. तीन पावसाळ्यांनी तुम्ही माळावर गेलात तर मुसळीच्या जागी उकरलेली माती. बाजूला जीप उभी, तिच्या समोरच्या काचेपाशी तुमच्या नकाशाची झेरॉक्स. तुमच्या हातानं काढलेले बाण, तुमच्या अक्षरातला पळस. व्यापाऱ्याच्या माणसानं तुम्हाला ओळखलं नाही, उलट विचारलं, “बाई, अजून कुठी हाये काय?” ही गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत. त्यानंतर तुम्ही कधी कोणत्याही कागदावर झाडाचा पत्ता लिहिला नाही. वाळवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर जागेच्या रकान्यात नुसतं ‘माळ’. आणि तुमची माहिती मला पीएचडीला देताना तुम्ही माझा हात नमुने दाबायच्या फळीवर ठेवून वदवून घेतलंत की पत्ता कागदावर येणार नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक माझ्यावर अर्धा तास डाफरत होते, जागा कुठं आहे, जागा कुठं आहे, आणि तुम्ही कोपऱ्यात शांत बसून होतात. मी दिलेला शब्द पाळला. तुम्ही नंतर मला आलुबोंडा खाऊ घातलात आणि त्याविषयी एक अक्षर बोलला नाहीत.

मॅडम, मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते, तुम्ही बरोबर होतात आणि तरीही चुकत होतात. ज्याचा पत्ता नाही ते सरकारदरबारी नसतंच. एक माणूस मुसळी खणून नेतो तेव्हा माळ निदान शिल्लक राहतो. माळच गेला तर मुसळी कुठून उगवायची?

शेवटचा फोन याच विषयावर झाला. मी दर्यापुरात स्टाफरूममध्ये होते, माझा तास होता, मी घाईत होते. तुमच्या पुस्तकासाठी मी एक प्रकाशक गाठला होता आणि त्याला नकाशे हवे होते. तुम्ही नाही म्हणालात. तुम्हाला बोलताना दम लागत होता, ते मला ऐकू येत होतं, आणि तरी मी म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुमच्यासोबत जाईल.” तुम्ही म्हणालात, “जाऊ दे वं. थे त येतच असते दर वर्षी.” आणि फोन ठेवलात. आठ दिवसांनी प्रकाशभाऊंचा फोन आला. दम लागतो हे तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडे जायला तुम्हाला कधी वेळ नव्हता आणि माळावर जायला कायम होता. मला तुमच्यावर चिडायचं आहे, मॅडम, आणि मला माफीही मागायची आहे, आणि हे दोन्ही एकाच दमात कसं करायचं ते मला येत नाही.

ठराव झाल्यावर मी दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांकडे गेले. सगळं समजावलं. माळावर सावली आली की गवत मरतं, गवत मेलं की त्यातली ही सगळी झाडं जातात, मॅडमना हे मुळीच चाललं नसतं. ते गोंधळले. “अंजली, तूच तर म्हणालीस, माळावरची झाडं.” मी म्हटलं, सर, गवत. त्यांना तुमचा पहिला तास आठवला असावा, कारण ‘झाडं’ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. मग म्हणाले, “आता पंचायतीचा ठराव झाला, रोपं मिळाली, मुलांना सांगून झालं. तू एक कर. माळावर काय काय आहे आणि नेमकं कुठं आहे, ते लेखी दे. नकाशासकट. ते ग्रामसभेत ठेवू. नुसतं गवत आहे म्हटलं तर सरपंच हसतील.” माणूस वाईट नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कागदाशिवाय त्यांच्याही हातात काही नव्हतं.

प्रकाशभाऊंनी तुमच्या वह्या काढून दिल्या. एसटीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, त्यांनी वह्या वर्षांप्रमाणे सुतळीनं बांधल्या होत्या. “ताई गेल्यावर कोनी मांगीन असं वाटलं नव्हतं,” ते म्हणाले. मी तिथंच जमिनीवर बसून पहिली वही उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘पळसापून कौ. दोन हाका, सकाळी, ऊन पाठीशी. खरपुडी.’ ‘नाल्यापून कौ. एक हाक आन् थोडं. अनंतमूळ.’ पानंच्या पानं. सगळे पत्ते होते, मॅडम. तुम्ही ते लिहून ठेवले होते, फक्त दुसऱ्या कोणाला कळणार नाहीत असे.

कौ. म्हणजे कौसाबाई, हे मला माहीत होतं. तुमच्या आईसोबत गवत कापायला जाणारी, तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिची हाक जिथवर ऐकू जाते ते अंतर म्हणजे एक हाक, हे प्रकाशभाऊंनी सांगितलं. तुम्ही पळसाखाली उभ्या राहायचात, ती चालत जाऊन आरोळी द्यायची, जिथं आवाज पुसट होईल तिथं तुमची एक हाक संपायची. चोरांना तो हिशेब कधी कळला नसता. पण मलाही तो कळेना.

मी गावात जाऊन कौसाबाईला माळावर घेऊन गेले. पाठीला बाक आला आहे तिच्या, पण चालते अजून माझ्यापेक्षा भरभर. मी वही उघडून पळसाखाली उभी राहिले आणि म्हटलं, “मावशी, पुढं जाऊन हाक द्या.” ती गेली, कमरेवर हात ठेवून तिनं हाक दिली आणि तिला ठसका लागला. आवाज पन्नास पावलांवरही धड आला नाही. ती परत आली, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं आणि हसायला लागली. “थे हाक जवानीतली व्हती वं. आता कुठून आनू?” मग तिनं वही माझ्या हातातून घेऊन माझ्या पिशवीत घातली. “चाल. कुठी काय हाये ते मले मालूम हाये. वही कायले पायजे?”

आणि ती चालायला लागली. सरळ खरपुडीपाशी. मग शतावरी, मग तिखाडीचा पट्टा, मग नाल्याकाठी अनंतमूळ. कुठं वाकायची, दोन बोटांनी गवत बाजूला करायची, “हे पाह्य,” म्हणायची. मी मोबाइलवर प्रत्येक जागेची नोंद घेत मागून. दुपारपर्यंत तुमच्या वहीतलं जवळजवळ सगळं मिळालं. मला तुमचा असा राग आला की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी नकाशे करायचे, प्रकाशक शोधायचे म्हणत होते आणि इथं एक बाई जिवंत होती जिच्याबद्दल तुम्ही एकदाही मला ‘हिला विचार’ म्हणून सांगितलं नाही. की सांगितलं होतं, आणि मी वही उघडून उभी होते म्हणून ऐकलं नाही?

शेवटी ती मला त्या जुन्या जागेवर घेऊन गेली. मुसळी परत आली आहे, मॅडम. दाट. पांढरी फुलं. तुम्हाला माहीत होतंच, तुमच्या शेवटच्या तीन वह्यांत तुम्ही तिचं नावसुद्धा घेतलं नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. कौसाबाई तिथं बसली. मी मोबाइल वर केला तेव्हा तिनं माझा हात धरला.

“हे लिवू नको.”

“मावशी, हे नाही लिहिलं तर काय उपयोग? हीच एक गोष्ट आहे जिला गावात मोल आहे. गवतासाठी कोणी थांबणार नाही.”

“शीलीनं मले सांगतलं व्हतं. कागदावर आलं का येतेत थे.”

“आणि नाही आलं तर शनिवारी ट्रॅक्टर येतो.”

तिनं माझा हात सोडला. “तू शिकेल हायेस. तुले जे कराचं ते कर,” म्हणाली आणि उठून चालायला लागली, माझी वाट न बघता.

मी यादी दिली. नकाशासकट, मुसळीसकट. फळीवर हात ठेवून दिलेला शब्द मोडला. ग्रामसभेत सरपंचांनी ती मोठ्यानं वाचली, अर्ध्या नावांवर बाया “हो, हाये, हाये” करत होत्या, आणि मुसळीचं नाव आल्यावर पुरुषांची कुजबुज सुरू झाली. मग सरपंच म्हणाले, एवढं माळात असन त खड्डे कायले पाडता, झाडं रस्त्याच्या कडेनं लावू. तसा ठराव झाला. स्थानिक नावांवर कोणी काही आक्षेप घेतला नाही, मॅडम. ती एक गोष्ट तुम्हाला आवडली असती. नकाशा नियमाप्रमाणं पंचायतीच्या फलकावर लावला. मी तिथून निघाले तेव्हा चार-पाच जण त्याचे मोबाइलवर फोटो काढत होते. कशासाठी काढत होते, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

पंधरा ऑगस्टला फाट्यापासून गावापर्यंत झाडं लागली. पाटीही तिथंच लागली. प्राचार्य बोलताना पुन्हा रडले. ट्रॅक्टर माळावर गेला नाही. मी तुम्हाला हे जिंकल्यासारखं सांगायला हवं, पण तसं वाटत नाही.

काल रविवार होता. मी पहिल्या जीपनं माळावर गेले. कौसाबाई मुसळीपाशी बसली होती, मांडीवर विळा, शेजारी भाकरीचं फडकं. गावातल्या बायांनी सांगितलं की ग्रामसभा झाल्यापासून ती रोज सकाळी येऊन बसते आणि दिवे लागायला घरी जाते. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. मी शेजारी जाऊन बसले. तिनं विचारलं,

“काहून आली?”

“राखायला.”

“रोज येशीन काय?”

“रविवारी येईन, मावशी. दर रविवारी.”

तिनं विळा दगडावर दोनदा घासला. “मंग सोमवारी?”

आज सोमवार आहे, मॅडम, आणि मी दर्यापुरात आहे.